हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की बाबा कपाटातली निळी फाईल काढतात आणि काही न बोलता टीव्हीजवळ ठेवून देतात. दोन दिवस ती तिथंच पडून असते. तिसऱ्या दिवशी आई म्हणते, "अरे, बाबांची फाईल पाहिली का तू?" मी पाहिलीच आहे हे तिलाही माहीत असतं, पण असं विचारल्याशिवाय आमच्या घरी कोणतंच काम पुढं सरकत नाही. ईपीएस ९५वाल्यांना, म्हणजे कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतल्यांना, आता वर्षात केव्हाही हयातीचा दाखला देता येतो, दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो, हे मी बाबांना चारदा तरी सांगितलं असेल. पण त्यांच्या हिशोबात पेन्शनवाल्यांचा महिना म्हणजे नोव्हेंबर, विषय संपला.

पेन्शन किती? १,३८६ रुपये. महिन्याचे. ऐकणाऱ्याला वाटतं एखादं शून्य राहिलं असेल. नाही राहिलं. या योजनेत किमान पेन्शन १००० रुपये आहे, सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच, त्यामुळे बाबा स्वतःला किमानच्या वरचे समजतात आणि कोपऱ्यावरच्या चहाटपरीवर हजारवाल्यांमध्ये त्यांचा थोडा रुबाबही आहे.

तर यंदा घेऊन गेलो त्यांना दाखल्याच्या सेंटरवर. मशीन म्हणजे काडेपेटीएवढा डबा, वर लाल उजेड, त्यावर अंगठा ठेवायचा. ठेवला. नाही लागला. सेंटरवरच्या ताईनं काच पुसली, म्हणाली काका जरा दाबून. दाबला. नाही. मग तिनं तिचा नेहमीचा उपाय सांगितला, अंगठा कपाळावर घासा, कपाळाचं तेल लागलं की रेषा उमटतात. बाबांनी कपाळावर घासला, मग केसांत घासला, मागच्या रांगेतले दोघं-तिघं सल्ले द्यायला लागले, कोणी म्हणे ओला करा कोणी म्हणे कोरडा करा, दहाच्या दहा बोटं झाली आणि मशीनचं आपलं एकच, जुळत नाही. शेवटी ताई म्हणाली, "काका, तुमचे ठसेच नाहीत."

बाबा हसले. म्हणाले, "ते मिलमध्येच राह्यले."

बाबा रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. कोणती मिल ते सोडा, नागपुरातलीच एक. रिंग खात्यातलं मुख्य काम म्हणजे तुटलेलं सूत सांधणं. चाती गरगर फिरत असते, सूत तुटलं की ते टोक पकडायचं आणि अंगठा नि पहिल्या बोटाच्या चिमटीत पीळ देऊन जोडायचं, मशीन चालू असतानाच. पाळीत असं किती वेळा होत असेल याला मोजमाप नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षं हे केलं. आता बोटं वयानं गुळगुळीत झाली की सुतानं ते डॉक्टरच जाणे, पण मला बाबांचं म्हणणं पटलं.

घरी येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. (माझा हा प्रॉब्लेम आहे, रांगेत उभं राहिलो की मला अर्थशास्त्र सुचतं.) मानव विकास निर्देशांक म्हणून जो प्रकार आहे तोही काहीसा असाच दाखला मागतो. १९९० साली पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी पहिला मानव विकास अहवाल काढला, म्हणे देशाची प्रगती फक्त उत्पन्नावर नका मोजू, माणूस किती जगतो, किती शिकतो आणि कमावतो किती असं तिन्ही मिळून बघा. अमर्त्य सेन हकसाहेबांचे केंब्रिजपासूनचे मित्र, त्यांना एवढं सगळं एका आकड्यात कोंबणं पटत नव्हतं. हकसाहेबांचं म्हणणं असं की जीडीपी हा एक ढोबळ आकडा आहे म्हणूनच तो सगळ्यांच्या तोंडी बसलाय, त्याला हलवायचं तर आपल्यालाही तेवढाच ढोबळ आकडा पाहिजे. माणूस व्यवहारी होता, आणि खरंही ठरलं त्याचं.

त्या आकड्यात आपण वर आलोय, यात वाद नाही. १९९० मध्ये भारतातलं सरासरी आयुर्मान होतं ५८.६ वर्षं, २०२३ मध्ये ७२ झालं. बाबा ७६ चे. म्हणजे सरासरीला मागं टाकून पुढं निघालेले. मधे कोरोनात, २०२० आणि २०२१, जगाचा निर्देशांक लागोपाठ दोन वर्षं खाली आला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं, मग पुन्हा चढला. २०२३ च्या आकड्यावर १९३ देशांत आपण १३०वे. ठीक आहे. पण मला हे कळेना की आयुष्य वाढलं, शिक्षण वाढलं, पैसाही आजोबांच्या मानानं कितीतरी वाढला, तरी आमच्या घरात बिनघोर झोपणारा माणूस एकच आहे आणि तो १,३८६ रुपयेवाला आहे, हे कसं काय?

याला जरा मागं जावं लागतं.

आम्ही कोष्टी. तांडापेठेत आजोबांच्या घरात माग होता, नागपुरी साड्या निघायच्या. मागावर सूत तुटलं, साडी विकली नाही, सावकारानं सूत अडवलं, सगळं घराच्याच अंगावर यायचं. मग आजोबा मिलमध्ये गेले. ज्या मिलच्या सुतानं आणि कापडानं हातमागाचं कंबरडं मोडलं तिथंच कोष्ट्यांची पोरं कामाला, असं पुष्कळ घरांत झालं. आजोबांना याचं दुःख होतं का, तर मला नाही आठवत. त्यांना भोंगा आवडायचा. भोंगा झाला की पाळी संपली, पुढचं मालक पाहून घेईल.

नागपुरातली पहिली मोठी मिल जमशेदजी टाटांची, एम्प्रेस. १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून ते नाव. मुंबई सोडून हा माणूस इथं जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत का आला, तर कापूस इथं होता आणि रेल्वे १८६७ लाच आलेली होती. पण सुरुवातीला कामगारच टिकेनात. आज आला तर उद्या शेतावर, परवा लग्नाला. मग मिलनं जे काही केलं त्यात एक गोष्ट अशी होती की १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायला लागले. आता हे साल लक्षात घ्या. म्हाताऱ्या कामगारांना सरकारनं पेन्शन द्यायची हा कायदा जगात पहिल्यांदा जर्मनीत बिस्मार्कनं केला, तो १८८९ चा आणि तोही सत्तरी ओलांडणाऱ्यांसाठी. आपल्याकडे अपघात भरपाईचा कायदा १९२३ ला आला, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ ला. म्हणजे नागपूरची एक मिल बिस्मार्कच्याही तीन वर्षं आधी.

दयाधर्म म्हणा की धोरण म्हणा. बिस्मार्कलाही कामगारांची फार माया होती असं नाही, त्याला समाजवाद्यांची धास्ती होती. मला त्यात रस वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. भांडवलशाही, समाजवाद, मिश्र अर्थव्यवस्था हे सगळं आम्ही कॉलेजात वीस-वीस मार्कांसाठी घोकलं, पण एकाही सरांनी हा साधा प्रश्न नाही शिकवला की बाबा रे, नुकसान झालं तर ते कोणाच्या अंगावर येतं? फायद्याची वाटणी सगळे सांगतात. सूत तुटलं तर कोणाचं, पाऊस नाही पडला तर कोणाचं, माणूस आजारी पडला तर कोणाचं. व्यवस्था कोणती आहे ते तिथं कळतं, झेंड्याच्या रंगावरून नाही कळत.

नाही तर मिलमध्येही सगळं काही गोड नव्हतं. बदली कामगार नावाचा प्रकार होता. बाबांची पहिली चार वर्षं त्यातच गेली. सकाळी पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, बोट दाखवणार, तू ये. बोट नाही दाखवलं तर डबा घेऊन वापस घरी. आई सांगते, त्या दिवसांत ती डब्यात भाजी कमी द्यायची, वापस आला तर तोच डबा दुपारी घरी खायचा म्हणून. मग बाबा कायम झाले, फंड कापला जायला लागला, आणि घरात पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ आलं. नंतर मिल बंद पडली, ती गोष्ट मोठी आहे, मुंबईचा १९८२ चा संप, पॉवरलूम, जुनी मशिनरी, कारणं सांगणारे पुष्कळ आहेत. बाबांची देणी अकरा वर्षांनी मिळाली, त्या अकरा वर्षांत ते एका सहकारी बँकेच्या दारात वॉचमन होते. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर बाबांना आवडणार नाही. एम्प्रेसही बंदच झाली, त्या जागेवर आता मॉल आहे.

त्या मॉलमधून माझा भाचा ऑर्डरी उचलतो.

भाचा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, बीकॉम झालाय, पोरगं चलाख आहे. डिलिव्हरीचं काम करतो, कोणत्या ॲपचं ते जाऊ द्या, सगळी सारखीच. मागच्या दिवाळीत तो बाबांना त्याचं काम समजावून सांगत होता, की आजोबा, सकाळी लॉगिन करायचं, झोनमध्ये जाऊन थांबायचं, ऑर्डर आली तर आली, नाही आली तर नाही, आली की तीस सेकंदांत घ्यायची, सारख्या सोडल्या तर रेटिंग पडतं, रेटिंग पडलं तर चांगले स्लॉट मिळत नाहीत, पेट्रोल आपलं, गाडी आपली, मोबाईलही आपलाच. बाबा शांतपणे चिवडा खात ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे बदलीच झाला ना बे तू."

पोरगं म्हणे, बदली म्हणजे काय आजोबा? बाबांनी सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्यात जॉबर दिसे तरी. शिवी द्यायले माणूस होता. तुह्या जॉबर कुठी रायते?"

मी गेलं वर्षभर या प्रश्नावर अडकलोय. नीती आयोगाचा २०२२ चा एक अहवाल आहे, त्यात असल्या कामावरची माणसं २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. एवढे बदली! आणि यांना कोणी कामगारही म्हणत नाही, पार्टनर म्हणतात. शब्द चांगला आहे, पण भागीदारी नुसती नुकसानीतच.

नागपूरच्या उन्हात हे नीट दिसतं. मे २०२४ च्या शेवटी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता, तेवढं तापलं नव्हतं. आमच्या ऑफिसात दोन दिवस त्यावर जोक चालले. भाचा तेवढा म्हणाला, "मामा, ५६ काय अन् ४६ काय, ऑर्डर तर दोन्हीत येते. उलट उन्हात जास्त येते, लोकं बाहेर निघत नाहीत ना." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतः नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी कूलरसमोर बसून लस्सी मागवतो आणि ती घेऊन येणारं पोरगं दुपट्ट्यात तोंड बांधून दारात उभं असतं, फक्त डोळे दिसतात, त्यामुळे कोणाचं पोरगं आहे तेही कळत नाही. त्याच वर्षी भाच्याला मानकापूरजवळ ऊन लागलं. गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि एका पानठेल्याच्या सावलीत आडवा झाला, ठेलेवाल्यानंच तोंडावर पाणी मारलं. तीन दिवस घरी. तीन दिवसांचे शून्य रुपये, आणि आठवड्याचा जो इन्सेंटिव्ह असतो तोही गेला, कारण त्याला सलग दिवस भरावे लागतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ मध्ये हिशोब मांडला होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळं भारतात कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे. आकडा वाचला की वाटतं, अरे बापरे, देशाचं केवढं नुकसान. पण देश पानठेल्याच्या सावलीत आडवा होत नाही ना. ते तीन दिवस एका पोराचे असतात, त्याच्या गाडीच्या हप्त्याचे असतात. हवामान बदल म्हटलं की आपल्याला बर्फ वितळताना आठवतो, मला आता मानकापूर आठवतं.

शेतीतही वेगळं काय आहे. हिंगणघाटकडे माझा मावसभाऊ आहे, कपाशीवाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ नेला, कापड आणि कपड्यांचे कारखाने अडचणीत आले, त्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून सरकारनं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. कारखान्यांच्या बाजूनं पाहिलं तर बरोबरच आहे, तिथंही लाखो लोकं कामाला आहेत. पण वॉशिंग्टनमधल्या एका सहीचा धक्का गडगडत गडगडत शेवटी हिंगणघाटला येऊन थांबला, कारण त्याच्या पुढं ढकलायला कोणी उरलंच नव्हतं. हमीभाव होता, लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामात ८११० रुपये क्विंटल, पण त्यासाठी आधी ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, आणि कापसात १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की सरकारी खरेदी नाही. त्या वर्षी पाऊस जाता जात नव्हता. भाऊ घराच्या स्लॅबवर कापूस पसरवून बसला होता, फोनवर म्हणे, "कापूस वाळवून राहिलो, तू काय करून राह्यला?" मी म्हटलं, लिहून राहिलो. तो म्हणाला, कर बाबा, तुझं बरं आहे.

व्यापाऱ्याला वायदा बाजार आहे, कंपनीला विमा आहे, बँकेला तारण आहे. मोठ्या माणसाला आपली जोखीम विकता येते. मावसभाऊ ती फक्त स्लॅबवर पसरवू शकतो.

१९९४ च्या मानव विकास अहवालात हकसाहेबांनीच 'मानवी सुरक्षा' हा मुद्दा मांडला होता. त्यात एक फार साधं सांगणं आहे, की सुरक्षा म्हणजे न मेलेलं मूल, न पसरलेला रोग, न गेलेली नोकरी. म्हणजे जे घडलंच नाही ते. आता जे घडलंच नाही ते मोजणार कसं, आणि निवडणुकीत दाखवणार कसं? पूल दाखवता येतो. मेट्रो दाखवता येते. समृद्धी महामार्गावरून मीही गेलोय, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

आता २०२५ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेला नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ॲपवर काम करणाऱ्यांचा केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदा उल्लेख आलाय, कंपन्यांनी उलाढालीतले १ ते २ टक्के यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. पेपरमध्ये वाचून मी भाच्याला व्हॉट्सॲप केलं. त्यानं अंगठा पाठवला. १८८६ पासून मोजलं तर १३९ वर्षं होतात, पण मला उगाच नाट लावायची नाही, होऊ दे काहीतरी.

बाबांच्या दाखल्याचं राहिलंच. ठसे नाहीत तर चेहरा चालतो, सेंटरवरच्या ताईनं सांगितलं, मोबाईलवर होतं. माझ्या मोबाईलवर ते ॲप काही केल्या चालेना. रविवारी दुपारी भाचा दोन ऑर्डरींच्या मधे घरी आला, पाठीवरची बॅग दारातच ठेवली, म्हणाला आजोबा बसा खिडकीकडे तोंड करून. त्याच्या मोबाईलवर बाबांचा चेहरा गोलात आला. सूचना आली, पापण्यांची उघडझाप करा. बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते मोबाईलकडे एकटक बघत राहिले.

"आजोबा, डोळे मिचकवा."

"कायले?"

"जिवंत आहे हे कळायला हवं ना त्याला."

बाबांनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि मिटूनच घेतले. मग उघडले. पुन्हा मिटले. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं आणि नेमकी तेव्हाच वरून ऑर्डर टपकली, तो किर्र किर्र आवाज, स्वीकारा, सेकंद उलटे पळताहेत. भाच्याचं बोट तिकडं गेलं, थांबलं. ऑर्डर घेतली असती तर हे सगळं बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तिघंही नुसते बघत होतो. आवाज बंद झाला, ऑर्डर गेली. मग दाखला झाला, हिरवी खूण आली, त्यावर नंबर.

बाबांनी विचारलं, "किती गेले तुहे?"

"अठ्ठावीस रुपये. जाऊ द्या ना आजोबा."

बाबा उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून वीसची आणि दहाची नोट काढली, त्याच्या हातावर ठेवली, आणि तिथंच उभे राहिले.

"दोन रुपये वापस दे."

पोरानं खिसे चाचपले. त्याच्याकडे सुट्टे नव्हते, सगळं ऑनलाईन असतं त्याचं. शेवटी आईनं देवापाशी ठेवलेल्या डब्यातून दोनचं नाणं आणून दिलं, बाबांनी ते फाईलच्या कप्प्यात टाकलं आणि फाईल कपाटात ठेवली.